सगळ्यांचं हो

वीट पडल्याची गोष्ट बघूने जेवण निम्मं उरकल्यावर काढली. 'आधी सगळ्यांच्या पोटात दोन घास जाऊ देत' असं ती सकाळपासून स्वतःला समजावत होती, आणि आता घास गेल्यावर तिला वाटायला लागलं की ताटं उचलेपर्यंत थांबलं तर कुठे बिघडतंय! पण वहिनीने तिच्याकडे पाहून भुवई उंचावली. वहिनीपासून काही लपत नसे.

"घुमटातली एक वीट खाली आलीय," बघू म्हणाली. "सकाळी मुशीच्या कडेला पडलेली दिसली."

सुट्टीच्या दुपारी त्या घरात पटकन कुणी बोलत नसेच. जेवणाची खोली काच वितळवायच्या भट्टीच्या पाठीला पाठ लावून बांधलेली, आणि मधली भिंत बारा महिने कोमट. आठवडाभर भट्टी घुमायची. सुट्टीच्या दिवशी आच कमी केली की तो आवाज इतका खाली यायचा की जेवलेल्या माणसाचे डोळे आपोआप मिटावेत. खिडकीत फसलेल्या बरण्या मांडून ठेवल्या होत्या, कुणाची मान वाकडी, कुणाच्या पोटात बुडबुडा. त्यांच्यातून गाळून आलेलं ऊन टेबलावर निळं, हिरवं, मधाच्या रंगाचं होऊन सांडायचं. घरातली मुलं रांगायला लागली की आधी त्या रंगांच्या मागे रांगायची. पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे कसं स्वप्नात बसल्यासारखं वाटतं. घरातले म्हणायचे, स्वप्न कसलं, उकडतंय म्हणून गुंगी येतेय तुम्हाला.

"एकच ना?" दादाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मग त्यात एवढं काय? फुगेमामाला बोलावू. दोन गडी घेऊन चढेल, वरून एक थर देईल, दिवेलागणीपर्यंत मोकळे. उद्या सकाळी काम सुरू. बाबांच्या वेळी तीनदा झालंय हे."

"चारदा," बाबा म्हणाले.

"बघा, चारदा!"

दादाचं म्हणणं चूक नव्हतं. या घरात असंच होत आलं होतं. आजोबांनी ही भट्टी पेटवली तेव्हा बाबा जन्मालाही आले नव्हते, आणि तेव्हापासून ती एकदाही विझली नव्हती. आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा सगळे रडत रडत पाळ्या लावून तिच्यापाशी बसले होते. विझलीच नाही म्हणून आत कुणी गेलंच नाही, आणि आत गेलं नाही म्हणून घुमट खालून कसा दिसतो हे घरातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. बाजूच्या भोकातून, डोळ्यासमोर निळी काच धरून, दिसेल तेवढा तुकडा बघायचा. घुमट जरा बसल्यासारखा वाटला की वर चढून नव्या विटांचा थर द्यायचा, वरून माती लिंपायची, आणि खाली येऊन म्हणायचं, झाला पक्का. खचणाऱ्या छपरावर दर खेपेला आणखी वजन चढवतोय आपण, हे इतक्या वर्षांत कुणाच्या मनात आलं नव्हतं. आलं असेल तर कुणी बोललं नव्हतं.

"वजन वाढतंय, दादा," बघू म्हणाली.

"कसलं वजन?"

"वरचं. प्रत्येक थराचं. ते सगळं खालच्या जुन्या विटांवरच बसतंय ना? आणि आता खालच्याच सुटायला लागल्यात."

"हे तुला कधी सुचलं?"

"सकाळी."

"इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही, आणि तुला एका सकाळी सुचलं." दादा हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "बरं मग, काय करायचं म्हणतेस?"

बघूने तोंड उघडलं आणि नेहमीसारखी अडली. चार महिन्यांपूर्वी बाबांनी निळी काच, म्हणजे भट्टीची जबाबदारीच, तिच्या हातात दिली तेव्हा सगळ्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. आयुष्यभर भट्टीत डोकावून बाबांचे डोळे अधू झाले, आता समोरच्या माणसाची नुसती सावली दिसायची त्यांना. काच दादाकडे जाणार असं दादासकट सगळे धरून चालले होते. गिऱ्हाइकं दादाच्या ओळखीची, बोलणं दादाचं गोड. आणि ही तर लहानपणापासून बघू! लाडू हवा का विचारलं तरी "बघू" म्हणायची, म्हणून आत्याने ठेवलेलं नाव. काच घेतल्यापासून प्रत्येक गोष्ट ती पाचजणांना विचारत होती. नवी फुंकणी घ्यायची तर टेबलावर चर्चा. खिडकीची गंजलेली बिजागरी बदलायची तरी चर्चा.

"मला वाटतं... म्हणजे तुम्हा सगळ्यांना काय वाटतं, ते आधी..."

"आली गाडी रुळावर," आत्या म्हणाली. "मी सांगते मला काय वाटतं. माझ्या मुशीत लाल वितळतंय. गेल्या हिवाळ्यापासून त्या लालच्या मागे आहे मी. पंधरा वेळा मातकट आलं, या खेपेला पहिल्यांदा खरं उतरलंय. उद्या सकाळी मला ते काढायचंय. तेव्हा थर द्या, लिंपा, फुंकर मारा, काय हवं ते करा, पण भट्टीच्या आचेला हात लावायचा नाही."

आत्या रंगखोलीची मालकीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली तेव्हा आजोबांनी तिचं सांत्वन वगैरे केलं नाही, रंगखोलीची किल्ली दिली. तिची खाट अजून त्या कोमट भिंतीला लावलेली होती. रोज दुपारी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले की तिला वाटायचं, वडील मागे बसलेत आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलतायत. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दादाने तिची थट्टा करून तिला नकोसं केलं असतं.

"आणि उद्या काम बंद ठेवलं तर काय, ते मी सांगतो," दादा म्हणाला. आता त्याचा आवाज गंभीर झाला. "ही भट्टी एकदा उतरवली, गार केली की विटा तडकतात, मुशी फुटतात. पाडून नवी बांधायला लागते. तोपर्यंत काच फुंकणारे काय करतील? बसून राहतील? दुसरीकडे जातील. आणि गिऱ्हाईक एकदा तुटलं की तुटलं. नदीपलीकडच्या कारखान्याचं काय झालं? 'जरा दुरुस्तीला बंद' म्हणाले. आज तिथे गोदाम आहे. विझलेली भट्टी पुन्हा पेटत नाही, बघू. मला हौस नाही कुणाला वर चढवायची. पण हे बंद पडलं तर आपल्या दारात येणारी वीस घरं बसतील."

हे त्याने मनापासून सांगितलं. वहिनीला ते कळलं, कारण तिचा नवरा मनापासून बोलतो तेव्हा उजवा कान चोळतो. एरवी ती अशा वेळी मूग गिळून बसायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूने बजावलं होतं, भट्टीच्या बोलण्यात आपण पडायचं नाही. सासू गेली, वहिनीने बांधणीची खोली सांभाळली, पेंढ्यात गुंडाळलेल्या हजारो बरण्या तिच्या हातून गेल्या, पण टेबलावर भट्टीचा विषय निघाला की ती अजून पाणी वाढायला उठत असे. आजही उठली. उठता उठता म्हणाली,

"तुम्ही चढाल का त्यांच्याबरोबर?"

"मी?" दादा गडबडला. "मला कुठे येतं ते काम?"

"नाही, आपलं विचारलं," वहिनी म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

टेबलाच्या टोकाला बाबा बसले होते. त्यांच्या पुढ्यात एक हिरवा उजेड पडला होता, तो त्यांना दिसत नव्हता, पण बोट फिरवल्यावर जिथे लाकूड ऊबदार लागतं तिथे असणार हे त्यांना माहीत होतं. ते भट्टीचा आवाज ऐकत होते. काल संध्याकाळपासून त्या घुमण्यात एक फट पडली होती. मधेच एक श्वास चुकल्यासारखा. खरा की कानाचा खेळ, सांगता येत नव्हतं. त्यांनी 'थर द्या' म्हटलं असतं तर थर दिला गेला असता, 'उतरवा' म्हटलं असतं तर आदळआपट करत का होईना उतरवली गेली असती. म्हणूनच ते गप्प होते. काच दिली ती दिली. तिच्या हातात हात घालून बघायला लागलो तर तिचे डोळे कधी उघडणार? पण गप्प बसताना त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

"फुगेमामाला विचारूनच टाकू," दादा म्हणाला आणि मागच्या दारातून हाक मारायला कुणाला तरी पिटाळलं.

फुगेमामा पलीकडच्याच गल्लीत राहायचा. कारखान्यातला सगळ्यात जुना फुंकणारा. गाल असे फुगायचे की त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवे. ओला हात सदऱ्याला पुसत तो दारात येऊन उभा राहिला. त्यालाही जेवणावरून उठवलेलं दिसत होतं.

"मामा, घुमटावर थर द्यायचाय. आज. जमेल ना?" दादाने विचारलं.

"न जमायला काय झालं!" फुगेमामाने छाती पुढे काढली. "आजोबांच्या वेळेपासून चढतोय मी. फळ्या टाकतो, पोतं ओलं करून अंगावर घेतो, चहा थंड व्हायच्या आत खाली. तयार आहे."

"बघ!" दादा बघूकडे वळला. "मियाँ बीवी राजी. आता आपल्या रीतीने विचारतो. आत्या?"

"हो."

"तू?" हे वहिनीला. ती तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, फुगेमामाकडे पाहिलं, आणि मान हलवली. हो की नाही ते नीट कळलं नाही, पण दादाने हो धरलं.

"बाबा?"

"माझं मत राहिलेलं नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे 'नाही' नाही. माझं हो. राहिलीस तू."

रीत आजोबांची. भट्टीचा निर्णय टेबलावर, आणि सगळ्यांचं हो आल्याशिवाय काही करायचं नाही. रीत चांगली होती. तिच्यामुळे या घरात कधी भावाभावांत वाटण्या झाल्या नाहीत. आणि तिच्यामुळेच कुठल्याही गोष्टीचा दोष कुणा एकाच्या अंगाला कधी चिकटला नाही.

"मी... एकदा बघून येते," बघू म्हणाली.

दादाने कपाळावर हात मारला. "अगं, काय बघणार आहेस परत परत!"

ती उठून गेली.

भट्टीघरात सुट्टीची शांतता होती. फुंकण्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, जमिनीवर काचेचा चुरा झाडून बाजूला केलेला. बघूने निळी काच डोळ्यांवर धरली आणि भोकाशी वाकली. आत निळसर, शांत दिवस उजाडलेला होता. मुशी पाण्यात बसल्यासारख्या दिसत होत्या. वर घुमट, आणि घुमटात जिथून वीट निसटली होती तिथे काळी खाच. बघता बघता तिला वाटलं, घुमट हलतोय. खाली, वर, खाली, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा. उष्णतेने सगळंच हलतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती बघत राहिली, आणि उभ्या उभ्या तिला गुंगी आली. त्या गुंगीत आजोबा घुमटावर मांडी घालून बसलेले दिसले, मांडीवर विटांची चळत. "अजून एक ठेव गं," ते म्हणत होते. खालून त्यांच्या वजनाने घुमट वाकत होता, आणि टेबलाभोवती बसलेले सगळे माना डोलावत होते, हो, हो, हो.

तिने काच डोळ्यांवरून काढली. पापण्या भाजल्यासारख्या झाल्या होत्या.

समजा पडला, तिच्या मनात आलं. समजा आज संध्याकाळी फुगेमामा वर असताना पडला. मग पलीकडच्या गल्लीत कुणीतरी जाऊन सांगायला लागेल. कोण जाईल? मीच जाईन. आणि दारात मामी आली की काय सांगेन? आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, असं सांगेन. कुणाचंच नाही नव्हतं, असं सांगेन. हे वाक्य तिने मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना ते अर्ध्यातच सोडलं. आणि पडला नाही तर? तर ती जन्माची घाबरट, घर बुडवणारी. घुमट पडेल की नाही हे तिला कळत नव्हतं. दिवसभर बघत बसली असती तरी कळलं नसतं. इतके महिने आपण माणसांना विचारत हिंडतोय ते कुणाला तरी नक्की माहीत असेल या आशेने, आणि नक्की तर कुणालाच माहीत नाही, हे तिला तिथे लख्ख कळलं. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून तिला थंडी वाजली.

ती परत आली तेव्हा सगळे जिथल्या तिथे होते.

"कुणी चढणार नाही," ती म्हणाली. "भट्टी उतरवायची. आजपासून. हळूहळू, म्हणजे धक्का बसणार नाही. उद्या काम बंद. परवाही बंद."

आवाज तिचाच होता, पण चिरका निघाला. दादा आधी समजलाच नाही.

"म्हणजे तुझं 'नाही' आहे?"

"माझं 'नाही' असं नाही. मी सांगतेय."

"सांगतेयस? रीत काय आहे आपली?"

"रीतीने पाचजण हो म्हणतात आणि एकजण चढतो, दादा."

"ताई, मी तयार आहे म्हटलं ना!" फुगेमामा दुखावल्यासारखा म्हणाला. "मला काय म्हातारा समजलात?"

"मामा, तुम्ही घरी जा. जेवण अर्धं टाकून आलाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि गेला. बघू कॉकपाशी निघाली. भट्टीत जळणाचं तेल सोडणारा तो कॉक भट्टीघराच्या कोपऱ्यात, आणि तिथे तिच्या आधी आत्या पोचली होती. एवढ्या लगबगीने आत्या कित्येक वर्षांत चालली नसेल.

"माझ्या बापाने पेटवलेली आग आहे ही," आत्या म्हणाली. दोन्ही हात मागे, कॉक पाठीशी. "तू कोण विझवणार? कानामागून आली आणि तिखट झाली!"

"आत्या, बाजूला हो."

"आणि नाही पडला तर? सांग ना! उगाच विझवलीस असं झालं तर?"

"तर तू मला जन्मभर बोल."

"बोलेनच! मेल्यावरही बोलेन!" आत्याचे डोळे भरून आले, तिला ते आवडलं नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "माझं लाल?"

"जाईल."

"सगळं?"

"सगळं. मुशीतच थिजेल. मुशीबरोबर फुटेल."

आत्याला वाटलं होतं पोरगी म्हणेल, बघू, करू काहीतरी, थोडं काढून घेऊ. तसं म्हणाली असती तर आत्या तिथून हललीच नसती, संध्याकाळपर्यंत घासाघीस करत उभी राहिली असती. पण हे सरळ आलं. आत्याने पदराने नाक पुसलं आणि बाजूला झाली. जाता जाता भट्टीच्या भिंतीवर तिने एकदा हात ठेवला, भाजला, आणि तोच हात चोळत आपल्या खोलीत गेली.

बघूने कॉक थोडा फिरवला. मग थांबून, आणखी थोडा.

भट्टी उतरायला बरेच दिवस लागले. घुमणं रोज खाली खाली जात होतं, आणि ज्या दुपारी ते पूर्ण थांबलं त्या दुपारी गल्लीतली माणसं घराबाहेर येऊन उभी राहिली. काय झालं ते कुणालाच सांगता येईना. एक बाई म्हणाली, माझे कान गेले असं वाटलं. पलीकडच्या घरातलं तान्हं बाळ इतकं रडलं की त्याला थोपटायला सगळी आळी जमली. त्या पोराने आजवर तो आवाज ऐकतच झोप घेतली होती. मग आतून काच टिचायला लागली. थिजत, आकसत, मुशींमध्ये तडकत. दिवसभर घरातून किणकिणण्याचे आवाज यायचे, लांब कुठेतरी कुणी पेले मांडत असल्यासारखे. माणसं बोलता बोलता थांबून ऐकायची आणि आपण काय बोलत होतो ते विसरायची. आत्याने खाट भिंतीपासून हलवली. दादा बघूशी बोलत नव्हता, पण पहिल्याच दिवशी तो गिऱ्हाइकांकडे निघून गेला होता, आणि तोंड दुखेपर्यंत बोलून बहुतेकांना थांबवून परत आला होता. हे त्याने वहिनीला सांगितलं, तेही ओरडून, बघूच्या खोलीत ऐकू जाईल अशा बेताने.

"तुम्हीच सांगा की तिला," वहिनी म्हणाली.

"मी कशाला सांगू? ती मोठी झालीय आता!"

वहिनीने हसू दाबलं. फुंकणाऱ्यांनी काय करायचं, याचं उत्तर मात्र बघूने कुणाला विचारलं नाही. जुनी पाडायला आणि नवी बांधायला तीच माणसं, असं तिने दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभं राहून सांगितलं. दोघं तरीही सोडून गेले. त्यांना तिने अडवलं नाही, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

आत हात लावता येईल इतकी गार झाल्यावर भट्टीचं तोंड फोडलं. बघूने सगळ्यांना मागे उभं केलं आणि दिवा काठीला बांधून आत सरकवला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा घुमट खालून दिसला. काळा, झिलईदार, जागोजागी थेंब लोंबकळून गोठलेले.

तो उभा होता.

"उभा आहे," दादा म्हणाला. तो मोठ्याने बोलला नाही. त्याहून वाईट, हळू बोलला. मागे फुंकणाऱ्यांमध्ये कुजबुज झाली. आत्याने बघूकडे पाहिलं आणि तोंड उघडून मिटलं. सगळे वाट बघत होते की ती काहीतरी म्हणेल, फटी दाखवेल, हे बघा, ते बघा, पडणारच होता म्हणेल. फटी होत्या. पण गार होताना पडलेल्या की आधीच्या, हे कुणी सांगावं!

"खालून टेकू द्या," बघू म्हणाली. "बाहेरून परांची बांधा. वरून एक एक वीट उतरवायची. घुमटावर कुणी पाय ठेवायचा नाही."

विटा उतरायला लागल्या. पहिल्या दिवशी बाबांना कुणीतरी खुर्ची आणून दिली. ते प्रत्येक थराची एक वीट मागून घेत होते, हातात फिरवून बघत होते. हा शेवटचा, हा त्याच्या आधीचा, हा माझ्या वडिलांचा. मांडीवर ठेवताना वजनाने त्यांचा पाय दबत होता. संध्याकाळी बघू त्यांच्याजवळ येऊन टेकली.

"पडला असता का गं?"

"माहीत नाही, बाबा."

"आता कळणारही नाही."

"नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांनी चाचपून तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली, हे सकाळी त्यांनीच सगळ्यांना दोन-दोनदा सांगितलं.

शेवटची रांग उतरली त्या दिवशी संध्याकाळी माणसं हातपाय धुऊन पांगली. भट्टी होती तिथे आता मोकळी जागा होती. फुगेमामा मात्र रेंगाळला. त्या दुपारपासून तो बघूशी फुरंगटून होता, कामापुरतं बोलायचा. आता परांचीच्या फळ्या मोजायचं नाटक करत तिच्यापाशी आला.

"ताई, एक बोलू? टिकला असता घुमट. विटा चांगल्या निघाल्या."

"असेल, मामा."

"असेल नाही, टिकलाच असता." तो थांबला. गालावरून हात फिरवला. "त्या दिवशी दादांचा निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, आज नका जाऊ. तिच्यावर खेकसलो मी. तुमच्या दारात येऊन उभा राहिलो तेव्हा माझे पाय लटपटत होते. दर वेळी लटपटतात. आजोबांनी विचारलं, तयार आहे म्हणालो. तुमच्या बाबांनी विचारलं, तयार आहे म्हणालो. चार वेळा. मला कुणी विचारलं की तोंडातून दुसरं काही येतच नाही, ताई. सगळे बघत असतात ना." त्याने एक फळी उगाच सरळ केली. "तुम्ही विचारलं असतंत तर मी चढलोच असतो. तुम्ही विचारलं नाहीत ते लई बरं केलंत."

बघूने हातातली वीट ढिगावर ठेवली.

"घरी जा, मामा," ती म्हणाली. "मामी वाट बघत असतील."

"हो, जातो." तो चार पावलं गेला आणि वळला. "उद्या?"

"उद्या पाया. सकाळी लवकर या."

तो गेला. फाटकातून बाहेर पडून, गल्लीत कुणाशी तरी दोन शब्द बोलून, आपल्या घराच्या दिशेने वळला. तो दिसेनासा झाल्यावर बघू विटांच्या ढिगावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून मनसोक्त रडली.